उलटं लावलेलं मॅग्नेट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं बाकी सगळं माहीत आहे — कुठं खोटं बोलतो, कुणाला टाळतो, झोपेत काय बरळतो. पण हे नाही. परक्या माणसाला सांगायला सोपं जातं म्हणतात. कसलं सोपं हो! भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलोय, आणि बाहेर कुणाची चप्पल वाजली तरी कागदावर हात ठेवतोय. पन्नाशी उलटलेला माणूस मी. लाज वाटते. पण लाजेपेक्षा भीती जास्त आहे, ते आधीच सांगून टाकतो.

कुठून सुरू करू? स्पीकरपासून करतो. ते मला बोलता येतं. घाबरलो की मी स्पीकरवर बोलायला लागतो, ही माझी जुनी खोड आहे. ऐकून घ्या.

आळेफाट्याला, नाशिक रस्त्याच्या कडेला माझा पत्र्याचा गाळा. गाडीतले टेप आणि स्पीकर बसवून द्यायचे, हा धंदा. कॅसेटच्या काळात सुरू केला, पुढे सीडी आली, मग पेनड्राइव्ह आला. माणसं तीच — ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले आणि सगळ्यात जास्त जीपवाले. सीट भरल्या की निघायचं, अशा वडापच्या जीपा फाट्यावर तेव्हा रांगेनं उभ्या असायच्या. ज्याचं गाणं दणक्यात वाजतं त्याची जीप आधी भरते, असा प्रत्येकाचा समज. म्हणून स्पीकरवर जीव.

आता स्पीकरच्या खोक्यावर वॅटचे आकडे दोन असतात. एक लाल, हा एवढा मोठा — दोनशे, तीनशे, पाचशे. दुसरा खाली कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात — तीस, चाळीस. मोठा आकडा म्हणजे एका झटक्याला स्पीकर किती सोसेल तो. बारका म्हणजे तासन्‌तास किती सोसेल तो. बैल एकदा रेटा देऊन चिखलातली गाडी काढतो ते वेगळं, आणि दिवसभर औत ओढतो ते वेगळं. बाजारात बैल घेताना आमचा माणूस बरोबर दिवसभराचं बघतो. तोच माणूस माझ्या दुकानात आला की लाल आकडा बघायचा! मग ओहम असतो — टेप चार ओहमचा आणि स्पीकर दोनाचा जोडला तर टेप तापतो, आणि एक दिवस जळका वास सुटतो. आणि डेसिबल. तेवढ्याच ताकदीत कुठला स्पीकर जास्त मोकळा बोलेल, ते तो आकडा सांगतो. तो तर कुणीच विचारला नाही मला. कधीच नाही.

आणि मला तरी हे कुठं येत होतं? जुन्नरला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केलेला, सोल्डरिंग चांगलं, बस्स. खोक्यावरचं इंग्रजी तर मी वाचायचोच नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, “ह्ये काय लिव्हलंय?” की मी डोळा न मिटता सांगायचो, “कंपनीचं असतंय ते, आपल्या कामाचं न्हाई.” खोटं बोलायची सवय तिथून लागली. लहान लहान. कुणाचं काय बिघडतंय, असं वाटायचं.

तर मग माणसं स्पीकर कशावर घ्यायची? वजनावर. हसू नका, खरं सांगतोय. स्पीकर हातात घ्यायचा, वर-खाली तोलायचा, मागचं काळं मॅग्नेट बोटानं वाजवून बघायचं — “भरीव हाय राव!” — की सौदा झाला. हलका स्पीकर कितीही गोड बोलू दे, त्याला कुत्रं विचारायचं नाही. कलिंगड घ्यावं तसे स्पीकर घ्यायचे लोक. आणि मी? मी कलिंगड विकायला बसलो.

आता येतंय ते. थांबा जरा. पाणी पितो.

मेलेल्या स्पीकरांचा ढीग माझ्याकडे कायम असायचा. त्यांच्या पाठीवरची काळी चकती काढायची — मध्ये भोक असलेली, बशीएवढी, चांगली जाड — आणि स्वस्तातल्या नव्या स्पीकरच्या मॅग्नेटवर चिकटवायची. दोन ट्यूब कालवून लावतात ना, त्या चिकटवणानं. वर काळा रंग. झाला स्पीकर दुप्पट जड. ही युक्ती माझी एकट्याची नव्हती, पण दुसऱ्यावर ढकलत नाही. माझ्या हातांनी मी केली.

मॅग्नेटची गंमत अशी की एका बाजूनं ते दुसऱ्याला ओढून घेतं आणि दुसऱ्या बाजूनं ढकलतं. सरळ लावलं असतं तर आपलं आपण धरून बसलं असतं. पण उलटं, ढकलणाऱ्या बाजूनं दाबून चिकटवलं की आवाज कणभर चढतो, हे मला एकदा चुकून कळलं. कणभरच. पण फाट्यावर कणभर पुष्कळ होतं! म्हणून मी उलटंच लावायला लागलो. पकडीत आवळून रात्रभर ठेवायचं, सकाळपर्यंत चिकटवण दगड होतं. आत ती चकती मात्र सारखी सुटायला बघत असते. तिला धरून ठेवणारं फक्त ते चिकटवण.

पहिली जोडी मी कुणाला लावली? मिलिंदला.

मिलिंद माझा मित्र. कोर्सला बरोबर होतो आम्ही, एका डब्यात जेवलेलो. त्याला सोल्डरिंग जमलं नाही, गाडी जमली. वडापची जीप घेतली त्यानं, आळेफाटा ते मंचर चालवायचा. मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात सावध ड्रायव्हर. टपावर माणूस घ्यायचा नाही, चढाला पुढची गाडी काढायचा नाही. बाकीचे ड्रायव्हर चिडवायचे, “मिल्या, बैलगाडी घे की!” तो हसायचा. बायको सुनंदा, पोरगी प्रज्ञा — तेव्हा चार वर्षांची, बापाच्या मांडीवर बसून हॉर्न दाबणारी. त्याला मी स्वस्तातला माल चांगला म्हणून दिला. मित्राला का दिला? कारण मित्र तपासत नाही. हे उत्तर मलाच आवडत नाही, पण दुसरं नाही.

जीपच्या डॅशबोर्डखाली प्लायची फळी ठोकून त्यात दोन स्पीकर बसवले. तोंडं सीटांकडे, पाठी इंजिनकडे. उजवीकडचा स्पीकर बरोबर ड्रायव्हरच्या पायांवर. ब्रेकच्या, क्लचच्या पॅडलांच्या वर. इंजिनची धग तिथं सरळ येते. मी बसवताना हे बघितलं का? बघितलं. विचार केला का? नाही.

मिलिंद खूश. मागून आणखी सात जीपवाले आले, “मिल्यासारखेच पायजेत.” लावले.

मग एक दिवस खोडदच्या मोठ्या रेडिओ-दुर्बिणीवर नोकरीला असलेले एक साहेब आले. त्यांच्या जुन्या गाडीला स्पीकर हवे होते. त्यांनी वजन केलं नाही हो. खोकं उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती मुंगीची अक्षरं वाचायला लागले. मला घाम फुटला. पण माणूस भला. मला स्टुलावर बसवून त्यांनी शिकवलं — हे वॅट कुठले, ते वॅट कुठले, ओहम का बघायचा, डेसिबल काय सांगतो. मघाशी तुम्हाला सांगितलं ते सगळं त्यांचं. मी नुसता पोपट.

जाता जाता त्यांची नजर फळीवरच्या माझ्या जड स्पीकरवर गेली. उचलला, पाठीवर नखानं खरवडलं. “हे कुणी लावलंय?” म्हणाले. मी म्हणालो, “कंपनीचंच आहे.” त्यांनी स्पीकर खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाले, “उलटं लावलंय. आतून ढकलतंय ते. चिकटवण तापून मऊ झालं की निघून पडेल. गाडीत नका लावू.” आणि साधे दोन स्पीकर घेऊन गेले.

त्या दिवसापासून माझी भीती सुरू झाली. अपघातानंतर नाही — आधीपासून. हे लक्षात घ्या. मला माहीत होतं.

डोळे मिटले की मिलिंदचे पाय दिसायचे. चप्पल काढून गाडी चालवायची सवय त्याची. उघडे पाय, आणि वर ती चकती. उन्हाळा चढत होता. माझ्या फळीवरच्याच एका स्पीकरची चकती एका दुपारी बोटभर सरकलेली दिसली. सांगायचं होतं काय? “मिल्या, गाडी लाव इकडं, स्क्रू आवळून देतो.” एवढंच! चकतीचं नावसुद्धा काढायची गरज नव्हती. पण मला वाटायचं — त्यानं वाकून बघितलं तर? विचारलं तर? फाट्यावर एकाला कळलं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. सातही जण येतील, गाळ्याचा पत्रा ठेवणार नाहीत. एकदा तो आपणहून जीप घेऊन दारात आलासुद्धा, गाणं थोडं खरखरतंय म्हणून. दुकानात दोन जीपवाले बसलेले. मी म्हणालो, “उद्या ये, आज गर्दी हाय.” तो म्हणाला, “उद्या न्हाई जमायचं, सुनंदाला घेऊन घोडेगावला जायचंय. परवा येतो.”

मी “बरं” म्हणालो.

प्रज्ञा घोडेगावला मामाकडे होती, सुटीला. तिला आणायला दोघं निघाले. जीप रिकामी, सुनंदा पुढं शेजारी. आंबेगाव तालुक्यात शिरल्यावर एक उतार लागतो, खाली ओढ्यावर मोरी आहे. पुढं उसाची ट्रॉली होती. मिलिंदनं ब्रेकवर पाय दिला — आणि पॅडल अर्ध्यात अडकलं. त्यानं ट्रॉली वाचवायला जीप डावीकडं घातली. मोरीच्या भिंतीवर डावी बाजू गेली. सुनंदाची बाजू.

मला दुकानात कळलं. एक ट्रकवाला सांगत आला. मी मोटरसायकल काढली, कशी चालवली ते आठवत नाही. पोचलो तोवर दोघांना मंचरला दवाखान्यात नेलं होतं. जीप तिथंच, चाकं कलती, भोवती माणसं. मी काय केलं? मित्र जिवंत आहे का, हे विचारायच्या आधी मी जीपकडं गेलो. म्हणालो, “टेप काढून घेतो, चोरीला जाईल.” लोक म्हणाले, “बरं केलंत भाऊ, आपला माणूस पायजे.”

मी पायांच्या जागेत वाकलो. वरचा स्पीकर पाठीनं उघडा पडलेला, चिकटवणाचा पिवळा डाग तेवढा दिसत होता. चकती ब्रेकच्या पॅडलामागं पत्र्याला घट्ट चिकटून बसली होती. पॅडल त्या चकतीवर टेकलं होतं. हात घातला तर निघेना — मॅग्नेटच ते, लोखंड सोडेल होय? स्क्रूड्रायव्हर घालून उपसली. टक्‌ असा आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला असं मला वाटलं. कुणी ऐकला नव्हता. मी ती हत्यारांच्या पिशवीत टाकली, वर टेप ठेवला, दोन्ही स्पीकर ठेवले आणि पिशवीचं तोंड बांधलं.

सुनंदा त्याच संध्याकाळी गेली.

नंतर पोलिसांनी मिस्त्री आणून ब्रेक तपासला. पॅडल खालपर्यंत छान जातंय, तेल आहे, नळी शाबूत आहे. ब्रेकमध्ये दोष नाही. मिलिंद डोक्याला पट्टी बांधून खाटेवरून एकच सांगत होता — “मी दाबला व्हता. पॅडल गेलंच न्हाई खाली.” कोण ऐकणार? कुणी म्हणालं डुलकी लागली, कुणी म्हणालं प्यालेला असंल. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस तो! आणि सुनंदाच्या भावानं, प्रज्ञाच्या मामानं, सगळ्यांसमोर म्हटलं, “आदल्या दिवशी भांडण झालं व्हतं दोघांचं. मला फोनवर सांगितलं व्हतं तिनं. ह्यानं ब्रेक दाबलाच न्हाई.” मी तिथं भिंतीला टेकून उभा होतो. बोलायचं होतं काय? एक वाक्य, राव. एक!

सुनंदाच्या पुण्यानुमोदनाला माइक आणि भोंगा मीच लावला. फुकट. भंतेजी बोलत होते, बायका रडत होत्या, आणि माझ्या भोंग्याचा आवाज जराही खरखरत नव्हता. लोक म्हणाले, दत्तूभाऊनं मैत्री राखली.

प्रज्ञाला मामानं परत दिली नाही. मिलिंद दोनदा घोडेगावला गेला. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं आणि मामा म्हणाला, “आईला खाल्लीस, आता पोरगी पायजे?” त्यानंतर तो गेला नाही. केस चालली, संपली. लायसन गेलं. नसतं गेलं तरी त्यानं पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नसता.

आणि मी? महिन्याभरात मी त्या साती जीपा दारात बोलावल्या. “या, स्क्रू आवळून देतो, पैसे नकोत.” एकेक स्पीकर काढला, आतल्या बाजूला नेऊन चकती तोडली, परत बसवला. कुणीही वाकून बघितलं नाही. कुणीही काही विचारलं नाही. दिवसाला दोन याप्रमाणे चार दिवसांत काम उरकलं. म्हणजे ज्याला मी महिनाभर घाबरत होतो ते चार दिवसांचं, चहा पिता पिता होणारं काम होतं. सगळ्या चकत्या कालव्यात टाकल्या. मिलिंदचीही.

तुम्हाला वाटेल, पुढं मन निवलं असेल. भीतीचं तसं नसतं. ती शिळी होत नाही. दारात पोलिसांची गाडी थांबली की मी आतल्या बाजूला सटकायचो — ते बिचारे पंक्चरवाला शोधत असायचे. कुणी सहज म्हटलं, “भाऊ, स्पीकर ढिला झालाय,” की मी त्याच्यावर खेकसायचो. बायको म्हणायची, तुमचं रक्त तपासून घ्या. मी वजनावर विकायचं बंद केलं. गिऱ्हाइकाला बसवून बारका आकडा दाखवायला लागलो, ओहम सांगायला लागलो. लोक दुरून यायचे — “दत्तूभाऊ खरं सांगतो.” खरं!

मिलिंद पुढं फाट्यावरच, माझ्या समोरच्या हॉटेलात कामाला लागला. ती जागा मीच बघून दिली. दया म्हणून? नजरेसमोर असलेला बरा, काय बोलतो ते कळतं — म्हणून. सकाळ-संध्याकाळ तो रस्ता ओलांडून माझ्यासाठी चहा आणायचा. वर्षानुवर्षं. पहिली काही वर्षं तो म्हणायचा, “दत्त्या, तू तर गाडीत वाकला व्हतास. काय दिसलं न्हाई का रं तुला?” मी म्हणायचो, नाही. मग हळूहळू त्यानं विचारणं सोडलं. आणि एक दिवस कपबशा विसळता विसळता म्हणाला, “माझा पाय गेलाच नसंल बग. सुनंदा वरडली, आन्‌ मी भ्यालो. पाय तसाच ऱ्हायला असंल वर. मला नुसतं वाटतंय दाबला म्हणून.”

काय केलं मी हे? बायको गेली, पोरगी गेली, लायसन गेलं — एवढं होऊनही त्याच्याकडं एक गोष्ट उरली होती. आपण दाबला होता, हे त्याला माहीत होतं. तेही मी जाऊ दिलं. मान हलवली आणि चहा प्यालो.

हे सगळं तर आहेच. पण मी सांगायला बसलो ते हे नाही. अजून आहे.

अपघाताला चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. मोबाइल सगळ्यांच्या हातात आले होते. दुपारी बाराच्या सुमाराला एक पोरगी दुकानात आली. पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स, हातात पिशवी. मी विचारलं, काय दाखवू? ती म्हणाली, “काका, मी प्रज्ञा. घोडेगावहून आले.”

सुनंदाचंच कपाळ. बस म्हणालो, स्टूल पुढं केलं.

ती एका दमात बोलली, पाठ करून आल्यासारखं. लग्न ठरलंय. पत्रिका छापायला टाकायचीय. पत्रिकेत वडलांचं नाव घालायचं की नाही, यावरून घरात वाद. मामा म्हणतो नाही. नवऱ्याकडचे म्हणतात, बाप जिवंत असताना नाव का नाही? “मला आठवत नाहीत ते,” ती म्हणाली. “फक्त हॉर्न आठवतो.” पुढं काही बोलणार तेवढ्यात ती थांबली, कारण दारात माणूस आला होता.

मिलिंद. चहा घेऊन. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं दिसलं की न सांगता दोन ग्लास आणायची त्याची पद्धत. त्यानं एक माझ्यापुढं ठेवला, एक तिच्यापुढं. “घ्या ताई. गरम हाय, जपून.” ती म्हणाली, “हो, ठेवा.” तो केस पिकलेला, दाढी वाढलेला, खांद्यावर फडकं. त्याच्या लेखी ती परकी शहरी पोरगी. दोघांच्या मध्ये माझा काउंटर. दोन हातांचं अंतर. मला वाटलं, आता माझ्या तोंडून आपोआप निघेल. आपोआप निघत नाही हो काही. तो गेला.

मग तिनं विचारलं. “काका, सगळे म्हणतात तुम्ही सगळ्यात आधी गाडीत वाकून बघितलं होतं. तुम्ही बाबांचे मित्र. तुम्ही सांगाल ते मी खरं धरीन, मामाचंही ऐकणार नाही. बाबांनी ब्रेक दाबला होता का?” आणि पर्सचा पट्टा सावरत, “दाबला असला तर मी त्यांना भेटणार आहे. नारायणगावला असतात ना ते?”

समोरच्या हॉटेलात तो कढई घासत होता. आवाज येत होता घासण्याचा.

मी काय सांगितलं ते शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणालो, “पोरी, मी पोचलो तवा सगळं होऊन गेलं व्हतं. पोलिसांच्या मिस्त्रीनं ब्रेक तपासला. ब्रेकमधी काय दोष न्हवता.”

बघा — यातला एक शब्द खोटा नाही. मी इतका तयार झालो होतो.

तिनं मान खाली घातली. “म्हणजे नाही दाबला,” ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. मी ते खोडलं नाही. नारायणगावचंही दुरुस्त केलं नाही. तिनं डोळे पुसले, “जयभीम काका” म्हणाली आणि मंचरची गाडी धरायला गेली. पत्रिकेवर ‘कालकथित सुनंदा यांची कन्या’ आणि खाली मामाचं नाव होतं, हे मला मागून कळलं. मला पत्रिका आली होती. मिलिंदला नाही.

वय झालं होतं, धंदा होता, पोरं शिकत होती — यातलं काहीही कारण नव्हतं. त्या दुपारी माझ्यावर कुणी केस केली नसती, कुणी पत्रा काढला नसता. घाबरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी मी घाबरलो. मिलिंद अजून समोर आहे. हे लिहितोय तेव्हाही आहे. त्याला मी सांगितलेलं नाही, आणि सांगेन असंही तुम्हाला खोटं सांगत नाही.

ती गेल्यावर तो ग्लास न्यायला आला. तिचा ग्लास अर्धा भरलेला होता. तो हातात धरून रस्त्याकडं बघत उभा राहिला. ती पलीकडं स्टँडपाशी पोचलेली, पाठमोरी दिसत होती, गाडी अजून यायची होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

“कोण व्हती रं ही पोरगी?” त्यानं विचारलं. “वळखीची वाटली.”

मी म्हणालो, “कोण न्हाई. गिऱ्हाईक व्हतं.”